पाण्याला न भिणारा कॅमेरा आणि पावसातील रस्ता

आपल्या देशाच्या बहुतेक भागांत वर्षाचा एक तृतीयांश काळ पावसाळ्याचा असतो. जूनच्या आरंभी केरळच्या किनाऱ्यावर आलेला पाऊस हळूहळू उत्तरेकडे सरकतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत रेंगाळतो. या चार महिन्यांत रस्त्यावरील जीवन थांबत नाही. त्याचे केवळ रूप पालटते. भाजीवाली आपल्या टोपलीवर प्लॅस्टिकचा कागद ओढून घेते, तीन शाळकरी मुले एकाच छत्रीत दाटीने चालतात, हातगाडी ओढणारा गुडघाभर पाण्यातून वाट काढतो. परंतु घराघरांतील छायाचित्रांचे संग्रह चाळले, तर त्यांत हे रूप फार थोडे आढळते. सण, सहली आणि लग्ने यांची चित्रे विपुल असतात. पावसातील साध्या दिवसाचे चित्र क्वचितच सापडते. याचे कारण उघड आहे. पहिला थेंब पडताच कॅमेरा पिशवीत जातो.

ही भीती निराधार नाही. साध्या फिल्म कॅमेऱ्यात पाणी शिरले की त्यातील बारीक दाते व कमानी गंजतात. फिल्मवरील प्रकाशसंवेदी थर जिलेटिनचा असतो; तो ओलाव्याने फुगतो व चिकटतो. भिंगांच्या मध्ये राहिलेली आर्द्रता बुरशीला पोसते आणि बुरशी काच कायमची डागाळते. तेव्हा पाण्याला आत येऊच न देणारा कॅमेरा हवा. असा कॅमेरा तयार झाला तो पावसासाठी नव्हे, तर समुद्रतळासाठी. तो रस्त्यावर कसा वापरावा, त्यामागील शास्त्र कोणते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार या लेखात केला आहे.

समुद्रातून रस्त्यावर

पाण्याखालील छायाचित्रणाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बुतां यांनी १८९३ साली भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील बान्यूल येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली. त्यांची पद्धत म्हणजे कॅमेरा एका जलाभेद्य पेटीत बंद करणे ही होती. पुढे कित्येक दशके हीच पद्धत चालू राहिली. पेटी जड असे, आणि आतील कॅमेऱ्याची प्रत्येक कळ बाहेरून फिरवण्यासाठी निराळा दांडा लागे.

झाक-ईव्ह कूस्तो यांनी एमिल गान्यां यांच्या साहाय्याने १९४३ साली पाणबुड्यासाठी श्वसनयंत्र तयार केले. त्यामुळे माणूस पाण्याखाली मोकळेपणाने हिंडू लागला. त्याचा कॅमेरा मात्र अवजडच राहिला. कूस्तो यांना पेटीवाचून चालणारा कॅमेरा हवा होता. बेल्जियमचे संशोधक झां द वाउटर्स यांनी त्याचा आराखडा केला आणि १९६०च्या सुमारास तो फ्रान्समध्ये विक्रीस आला. कूस्तो यांच्या जहाजाचे ‘कालिप्सो’ हे नाव त्याला देण्यात आले. या कॅमेऱ्यात पेटी आणि कॅमेरा हा भेदच उरला नाही. कॅमेऱ्याचे कवच हीच त्याची पेटी झाली.

१९६३ साली जपानमधील निकॉन कंपनीने हा कॅमेरा ‘निकोनॉस’ या नावाने बाजारात आणला. दुसरा नमुना १९६८ मध्ये, तिसरा १९७५ मध्ये, चौथा १९८० मध्ये आणि पाचवा १९८४ मध्ये आला. २००१ साली या मालिकेचे उत्पादन बंद झाले. आज हे कॅमेरे जुन्या वस्तूंच्या बाजारातच मिळतात. पाणबुड्यांच्या जोडीनेच हा कॅमेरा जमिनीवरही पोहोचला. व्हिएतनामच्या युद्धात पाऊस, चिखल आणि नद्या यांतून वावरणाऱ्या काही वृत्तछायाचित्रकारांनी तो जवळ बाळगला होता. समुद्रासाठी बनलेले साधन पावसातही तितकेच उपयोगी पडते, हे त्यांच्या अनुभवाने दिसून आले.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. काही कॅमेरे केवळ उडणारे थेंब सहन करतात; १९९७ साली निघालेला ऑलिंपसचा छोटा ‘म्यू-२’ हा या जातीचा होय. तो पावसात चालतो, पण पाण्यात बुडवता येत नाही. निकोनॉस हा ५० मीटर खोलीपर्यंत बुडवण्यासाठी बनलेला कॅमेरा आहे.

पाणी बाहेर कसे राहते?

कॅमेरा उघडावा तर लागतोच. फिल्म घालण्यासाठी आणि भिंग बदलण्यासाठी. जेथे दोन भाग जुळतात तेथे फट असते, आणि तेथूनच पाणी येण्याचा संभव असतो. ही फट बुजवण्याचे काम वाटोळ्या काटछेदाचे एक रबरी कडे करते. कारखान्यांत व नळदुरुस्तीच्या दुकानांत त्याला ‘ओ-रिंग’ म्हणतात. डेन्मार्कमध्ये जन्मलेले नील्स क्रिस्टेन्सन या यंत्रज्ञांनी १९३७ साली अमेरिकेत या कड्याच्या एकस्वासाठी अर्ज केला.

कडे एका खाचेत बसते आणि दोन्ही भाग जुळले की किंचित दाबले जाते. पाण्याचा दाब वाढला की पाणी कड्याला खाचेच्या दुसऱ्या बाजूस ढकलते. तेथे ते अधिकच घट्ट बसते. ५० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ५ किलोग्रॅम वजनाइतका जादा दाब असतो. म्हणजे जे पाणी आत शिरू पाहते, तेच दार घट्ट लावून घेते.

पावसात मात्र ही मदत मिळत नाही. पावसाच्या थेंबांचा दाब फारच अल्प असतो. तेथे कड्याचा मूळचा दाब आणि त्याची स्वच्छता यांवरच सारी भिस्त असते. कड्यावर आडवा पडलेला एक केस किंवा वाळूचा एक कण पाण्याला वाट करून देण्यास पुरेसा होतो. म्हणून या कॅमेऱ्याची सुरक्षितता त्याच्या कवचाच्या जाडीपेक्षा तो बंद करणाऱ्या हातांच्या काळजीवर अवलंबून आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

भिंग कोणते निवडावे?

प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकतो. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ आहे. यामुळे सपाट काचेतून पाहिले असता पाण्यातील वस्तू तिच्या खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर आणि म्हणून मोठी दिसते. निकोनॉसचे नेहमीचे भिंग ३५ मिलिमीटर नाभ्यंतराचे आहे. हवेत ते सुमारे ६२ अंशांचे दृश्य टिपते. पाण्याखाली त्याच भिंगाचे दृश्य सुमारे ४६ अंशांवर येते.

पाण्याखालचा हा संकोच टाळण्यासाठी केवळ पाण्यासाठीच आखलेली १५ व २८ मिलिमीटरची भिंगेही निघाली. त्यांची रचना समोर पाणी आहे असे गृहीत धरून केलेली असते. हवेत त्यांची प्रतिमा बिघडते. जुन्या बाजारात कॅमेरा घेणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. रस्त्यासाठी ३५ मिलिमीटरचे भिंगच योग्य. ते हवा आणि पाणी या दोन्हींत चालते, आणि त्याचे विस्तृत दृश्य गर्दीच्या रस्त्याला अनुरूप आहे.

अंतर डोळ्याने मोजावे लागते

निकोनॉसमध्ये भिंगातून पाहण्याची सोय नाही. वरच्या बाजूस एक स्वतंत्र दृश्यदर्शक आहे. त्यातून चौकट तेवढी कळते. वस्तू स्पष्ट येईल की नाही, हे त्यात दिसत नाही. भिंगाच्या दोन बाजूंना दोन मोठ्या कळा असतात. एकीने अंतर ठरते आणि दुसरीने छिद्र लहान-मोठे होते. अंतर किती, हे छायाचित्रकाराने स्वतः अजमावायचे असते.

ही उणीव वाटते. परंतु रस्त्यावर तिचे सामर्थ्यात रूपांतर करता येते. छिद्र जितके लहान, तितकी स्पष्टतेची खोली अधिक, हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे. ३५ मिलिमीटरचे भिंग २.५ मीटरवर लावले असता काय घडते, हे पुढील आकड्यांवरून दिसेल.

एफ/२.५ या सर्वांत मोठ्या छिद्राला सुमारे २.२ ते २.९ मीटर एवढाच भाग स्पष्ट येतो. एफ/५.६ ला तो सुमारे १.९ ते ३.८ मीटर होतो. एफ/८ ला तो सुमारे १.७ ते ४.९ मीटरपर्यंत पसरतो.

म्हणजे एफ/८ वर कॅमेरा एकदा लावून ठेवला, की दोन पावलांपासून रस्त्याच्या पलीकडच्या काठापर्यंत येणारी व्यक्ती स्पष्ट टिपली जाते. प्रत्येक वेळी कळ फिरवावी लागत नाही. भिंगावरील दोन लहान दर्शक छिद्राबरोबर जवळ येतात व दूर जातात आणि ही खोली दाखवतात. क्षणात घडणारी आणि क्षणात संपणारी गोष्ट टिपण्यास ही पद्धत फार सोयीची आहे. मात्र छिद्र मोठे केले की अंतराचा अंदाज अचूक हवा.

ढगाखालचा प्रकाश आणि थेंबाची रेघ

पहिल्या तीन नमुन्यांत प्रकाशमापक नाही. १९८०च्या चौथ्या नमुन्यापासून तो आला. पाचव्या नमुन्यात कॅमेरा झडपेचा वेळ आपण होऊन ठरवतो. विद्युत्‌घट संपला तरी सेकंदाच्या १/९० भागाचा एक यांत्रिक वेग चालू राहतो. जुना नमुना वापरणाऱ्याने ४०० वेगाची फिल्म घालावी आणि झडप १/५०० वर ठेवून पुढील अंदाज धरावा: विरळ ढग असता एफ/११, पूर्ण ढगाळ आकाशाला एफ/८, दाट काळ्या ढगांखाली एफ/५.६. मुसळधार पावसात किंवा अरुंद गल्लीत प्रकाश याहूनही कमी होतो. तेथे झडपेचा वेळ १/२५० किंवा १/१२५ पर्यंत वाढवावा. निगेटिव्ह फिल्मला थोडा अधिक प्रकाश सोसतो, कमी प्रकाश सोसत नाही. शंका असल्यास एक पायरी अधिक द्यावी.

झडपेच्या वेळेवर पावसाचे रूपही अवलंबून असते. २ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. झडप १/६० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्यात तो सुमारे ११ सेंटिमीटर अंतर तोडतो आणि चित्रात एक लांब रेघ उमटते. झडप १/५०० ला ठेवली, तर तो जेमतेम १.३ सेंटिमीटर सरकतो आणि रेघेऐवजी ठिपका दिसतो. पाऊस ‘पडताना’ दाखवायचा असेल तर कमी वेग आणि मागे काळोखी भिंत किंवा झाडी असावी. धावत्या माणसाचा चेहरा हवा असेल तर अधिक वेग निवडावा. दोन्ही एकदम साधत नाहीत; काय सांगायचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

काचेवरील थेंब

पाणी आत शिरले नाही, तरी ते भिंगाच्या पुढच्या काचेवर बसतेच. थेंब हा स्वतःच एक लहानसे भिंग असतो. तो प्रकाश विखुरतो आणि चित्रात धूसर डाग पाडतो. दृश्यदर्शक वेगळा असल्यामुळे हा डाग डोळ्याला दिसत नाही. फिल्म धुतल्यावरच तो कळतो, आणि तेव्हा उपाय उरलेला नसतो. म्हणून कॅमेरा चालताना काच खाली करून धरावा, मऊ सुती कापड आतल्या खिशात कोरडे ठेवावे आणि डोळ्याला लावण्यापूर्वी काचेवर एकदा नजर टाकावी.

दुसरी अडचण धुक्याची. हवा २८ अंश सेल्सियसची आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर असतो. वातानुकूलित खोलीत २४ अंशांपर्यंत थंड झालेला कॅमेरा अशा हवेत आणताच काचेवर बाष्प जमते. तो पिशवीतच काही वेळ राहू द्यावा, म्हणजे हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो. दमट हवेत कॅमेरा उघडून बंद केला, तर तीच दमट हवा आत कोंडली जाते आणि पुढे गारव्यात काचेच्या आतल्या बाजूला बाष्प जमते. ते पुसता येत नाही. जे दार पाणी बाहेर ठेवते, तेच आत आलेले पाणीही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून फिल्म शक्यतो घरी, कोरड्या जागी भरावी.

यातूनच तिसरी मर्यादा येते. भर पावसात फिल्म बदलता येत नाही. एका गुंडाळीवर ३६ चित्रे असतात. आडोसा मिळेपर्यंत तीच पुरवावी लागतात. यामुळे छायाचित्रकार उतावीळपणे कळ दाबण्याऐवजी थांबून पाहावयास शिकतो.

कॅमेऱ्याची निगा

घरी परतल्यावर कॅमेरा उघडण्यापूर्वी तो गोड्या पाण्याने धुवावा. समुद्राचे तुषार किंवा रस्त्यावरचा चिखल लागला असल्यास थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवावा. मग तो पूर्ण पुसावा. हात आणि केस कोरडे असावेत; डोक्यावरून ओघळलेला एक थेंबही नुकसान करतो. उघडताना फट खालच्या दिशेस राहील असे धरावे, म्हणजे सांध्यात राहिलेले पाणी आत न जाता खाली गळेल.

रबरी कडी बोटाने अलगद काढावीत. टोकदार हत्यार वापरू नये. कडे आणि खाच पुसून बोटाला लागेल न लागेल इतके सिलिकोन ग्रीस कड्याला लावावे. ग्रीस पाणी अडवत नाही. ते कड्याला लवचीक ठेवते. जास्त लावल्यास त्यावर धूळ बसते. कडक झालेले, चिरलेले किंवा चपटे झालेले कडे टाकून द्यावे. कॅमेरा सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा आणि पावसाळ्यात पडून न ठेवता वापरत राहावे.

आज मिळणारा प्रत्येक निकोनॉस वीस वर्षांहून जुना आहे. कारखान्याने लिहिलेली ५० मीटरची मर्यादा आता खरी मानून चालू नये. प्रथम फिल्म न घालता तो बादलीभर पाण्यात बुडवून पाहावा. सतत बुडबुडे निघाल्यास लगेच बाहेर काढावा.

रस्त्यावरील माणसे

पावसात माणूस काहीसा असहाय असतो. भिजलेले कपडे, उलटलेली छत्री, घसरलेला पाय यांचे चित्र घेणे सोपे असते. ते घ्यावे की नाही, हा विवेकाचा प्रश्न आहे. ज्याचे चित्र घेतले त्याला ते दाखवता येईल का, असा विचार केला म्हणजे उत्तर मिळते. आडोशाला उभ्या असलेल्या माणसाला नुसते हसून विचारले, तरी बहुधा संमती मिळते. लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या वडीलमाणसांना विचारावे.

स्वतःच्या जीवाचीही काळजी घ्यावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पुराच्या पाण्याखाली उघडी गटारे आणि विजेच्या तारा असू शकतात. कॅमेरा पाण्यात सुरक्षित राहतो, माणूस नाही. साचलेल्या पाण्यात चित्रासाठी उतरू नये.

चित्रांचे मोल

पावसाळ्याची चांगली चित्रे दीर्घकाळ लक्षात राहतात. न्यूझीलंडचे छायाचित्रकार ब्रायन ब्रेक यांची भारतातील पावसाळ्यावरील चित्रमाला १९६१ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली आणि जगभर नावाजली गेली. रघुबीर सिंह यांनी १९६७ साली बिहारमधील मुंगेर येथे पावसात एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या स्त्रियांचे चित्र टिपले; तेही असेच प्रसिद्ध आहे.

परंतु प्रत्येक चित्राने प्रसिद्ध व्हावे, अशी अपेक्षा नाही. कोकणात शेतात वाकून लावणी करणारी माणसे बांबूच्या काड्या आणि पाने यांचे इरले पाठीवर घेत असत. मेघालयातील खासी लोकांचे ‘क्नूप’ हेही अशाच कामाचे. डोके व पाठ झाकते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. प्लॅस्टिकच्या आच्छादनांनी इरल्याची जागा बव्हंशी घेतली आहे. अशा वस्तू नेमक्या त्याच काळात वापरात येतात, ज्या काळात कॅमेरे पिशवीत असतात. म्हणून त्या नाहीशा होताना त्यांची नोंदही राहत नाही. गावातला बाजार, शाळेची वाट, एस.टी.चा थांबा यांची पावसातील चित्रे दरवर्षी कोणी घेत गेले, तर काही दशकांनी ती गावाचा इतिहास ठरतील. पाण्याला न भिणाऱ्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग हाच आहे: वर्षाचे जे चार महिने आपल्या चित्रसंग्रहातून गळून पडतात, ते तो परत मिळवून देतो.

शाळेत करून पाहण्याजोगे प्रयोग

१. अंतराचा अंदाज. दहा मीटर लांबीच्या दोरीला प्रत्येक अर्ध्या मीटरवर गाठ मारावी. विद्यार्थ्याने मैदानातील एखाद्या व्यक्तीचे अंतर प्रथम नजरेने सांगावे आणि नंतर दोरीने मोजावे. रोज दहा अंदाज घेऊन आठवड्याअखेर चूक किती कमी झाली, ते वहीत नोंदवावे.

२. वक्रीभवन. पातेल्याच्या तळाशी नाणे ठेवून, ते काठाआड जेमतेम दिसेनासे होईल असे उभे राहावे. दुसऱ्याने हळूहळू पाणी ओतावे. नाणे वर उचलल्यासारखे पुन्हा दिसू लागेल. तळ खऱ्यापेक्षा किती वर भासतो, याचा अंदाज करावा.

३. रबरी कड्याची परीक्षा. झाकणाला रबरी कडे असलेल्या जेवणाच्या डब्यात टीपकागद ठेवून झाकण लावावे आणि डबा बादलीत बुडवावा. बाहेर काढून पुसल्यावर टीपकागद पाहावा. नंतर कड्यावर एक जाडसर दोरा आडवा ठेवून तोच प्रयोग पुन्हा करावा. दोन्ही वेळच्या टीपकागदांची तुलना केल्यास कॅमेऱ्याचे कडे एवढे जपावे का लागते, हे आपोआप समजेल.